तेव्हा मुरुम कोणत्या बाजूला होते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

दारापाशी उभ्या राहिलेल्या शेजारणींनो, आत या, सतरंजीवर पुष्कळ जागा आहे.

वर्धापनदिनाचे भाषण बाहेरच्या पाहुण्यांकडून न करविता आपल्यातल्याच एकीने करावयाचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. गेल्या साली सांधेदुखीवर झाले, त्याच्या आदल्या साली बचतीवर. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही उभा जन्म इतिहास शिकवलात, तेव्हा इतिहासातलेच काही सांगा. मात्र जे सगळ्यांना पाठ आहे ते नको." मी म्हटले, "दुसरे महायुद्ध युरोपात कसे सुरू झाले ते सांगते." चिटणीसबाईंचा चेहरा पडला. इतक्या लांबची लढाई, आणि तीही आपल्या हळदीकुंकवाच्या दिवशी! त्यांचे मन मोडू नये म्हणून मी त्यांना कबूल केले, की लढाई सांगेन, पण मुरुमच्या वेशीपासून फार लांब जाणार नाही.

हा विषय माझ्या मनात का घर करून बसला आहे, ते आधी सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीचा वर्ग होता. फळ्यावर मी खडूने दोन घरे आखली होती. एका घरात मित्रराष्ट्रे, दुसऱ्यात अक्षराष्ट्रे. मुली वहीत उतरवून घेत होत्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आपलं मुरुम कुठल्या घरात लिहायचं?" वर्ग हसला, मीही हसले. मी म्हटले, "आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते, तेव्हा आपण इंग्रजांच्या घरात." मुलगी बसली. तास संपला.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना एकदम ध्यानात आले, की आपण त्या पोरीला चुकीचे सांगितले. मुरुमवर तेव्हा इंग्रजांचे राज्य नव्हतेच. वर्गात जाऊन चूक दुरुस्त करावयाची, ती मी केली नाही. पुढचा धडा होता, परीक्षा होत्या, असे मनाला समजावले. पण प्रश्न तसाच राहिला, आणि निवृत्त झाल्यावर, वेळ हाती आला तेव्हा, मी त्याचा माग काढू लागले.

आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायांनी ऐकलेले असेलच. नव्या सुनांसाठी सांगते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामांचा होता. इथून पश्चिमेला गेले की अक्कलकोट संस्थान, ते ओलांडले की सोलापूर, आणि तिथे इंग्रजी अंमल. बाजारहाटाला सोलापूरला जावयाचे तर वाटेत करोडगिरीचा नाका लागे. परत येताना लुगडे आणले, भांडे आणले, तर जकात द्यावी लागे. नाणेसुद्धा वेगळे. आपल्याकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा हाली रुपये आणि वर काही आणे मोजावे लागत. आमच्या आजेसासूबाईंना, ज्यांना घरात सगळे मोठी आई म्हणत, लिहितावाचता येत नव्हते. पण हालीचे कलदार करावयाचे तोंडी गणित त्या माझ्याआधी सोडवीत. सातच्या जागी सहा, एवढेच त्यांचे सूत्र.

आता १९३९ साल डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत ह्या राज्यात सत्याग्रह चालू होता. आर्य समाजाच्या आणि हिंदुमहासभेच्या हाकेला ओ देऊन बाहेरगावांहूनही माणसे येऊन तुरुंगात बसली होती. ऑगस्टमध्ये तो सत्याग्रह थांबला आणि माणसे सुटून घरी आली. इथून जवळच्या गुंजोटीचे वेदप्रकाश ह्यांचा बळी त्याच्याही आधीच गेला होता. स्टेट काँग्रेसवर १९३८ सालीच बंदी आली होती, ती पुढे १९४६ पर्यंत उठली नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ज्यांनी मुले घडविली ते स्वामी रामानंद तीर्थ ह्या चळवळीचे पुढारी होते. म्हणजे इथल्या माणसाला स्वतःच्या गावात सभा भरविण्याची मोकळीक नव्हती, आणि तेवढ्यात तिकडे युरोपात लढाई पेटली.

१ सप्टेंबर १९३९ ला पहाटे जर्मनीने पोलंडवर चढाई केली. ३ सप्टेंबरला, रविवारी, इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी दिल्लीच्या व्हाइसरॉयने, लॉर्ड लिनलिथगो ह्यांनी, हिंदुस्थानही युद्धात उतरला असे जाहीर करून टाकले. कायदेमंडळाला विचारले नाही, पुढाऱ्यांना विचारले नाही. ह्याचा राग येऊन काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते, तेही गेले. मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी २ ऑक्टोबरला युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. हे सगळे इंग्रजी मुलखातले. तिकडे राजीनामा द्यावयाला निदान मंत्रिमंडळ तरी होते. आपल्याकडे निजामांनी राज्याची साधनसामग्री इंग्रजांच्या हवाली केली आणि विषय संपला.

इथपर्यंत मला पुस्तकांतून ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते पुढचे, आणि ते वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी ४ सप्टेंबरला, इंग्रजांनी जर्मनीवर पहिला बॉम्बहल्ला केला. त्या हल्ल्याचे पुढारपण ज्या विमानपथकाकडे होते त्याचे नाव होते एकशेदहावे, 'हैदराबाद' पथक. होय, आपले हैदराबाद! ज्या राज्यात मुरुम होते, त्या राज्याचे नाव लावून ती विमाने गेली. उत्तर जर्मनीत विल्हेल्म्सहाफेन नावाचे बंदर आहे, तिथे जर्मनांच्या लढाऊ बोटी होत्या. तीन पथकांची मिळून पंधरा 'ब्लेनहाइम' विमाने निघाली, पाच 'हैदराबाद'ची आणि दहा दुसऱ्या दोन पथकांची. हवा अतिशय खराब, पाऊस, ढग खाली उतरलेले. तिसऱ्या पथकाला तर बंदर सापडलेच नाही, ती विमाने तशीच परतली. 'हैदराबाद' पथकाच्या पुढे डोरन नावाचा अधिकारी होता. ढगातून ती खाली उतरली तो समोर 'ॲडमिरल शेअर' नावाची मोठी युद्धनौका.

डोरनने मागाहून जे सांगितले त्यातली एक गोष्ट तुम्हा-आम्हांला कळण्यासारखी आहे. बोटीच्या मागच्या बाजूला खलाशांनी धुतलेले कपडे वाळत घातले होते आणि माणसे डेकवर स्वस्थ उभी होती. विमाने आपली की शत्रूची, हे त्यांना आधी कळलेच नाही. मी कितीतरी लढाया शिकविल्या, पण एकाही लढाईत कोणी वाळत घातलेले कपडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

बॉम्ब पडले. त्यांतले काही बोटीवर लागलेही. पण फुटलेच नाहीत. उसळून बाजूला गेले. तोपर्यंत तोफा सुरू झाल्या होत्या. 'हैदराबाद'ची पाचांपैकी चार विमाने परतली. मागून आलेल्या दुसऱ्या पथकाच्या पाचांपैकी चार पडली. एक विमान 'एमडेन' नावाच्या बोटीवर कोसळले आणि त्यात बोटीवरचे काही खलाशी मेले. म्हणजे बॉम्बने जे साधले नाही ते पडणाऱ्या विमानाने केले. त्याच दिवशी दुसऱ्या एका बंदरावर गेलेल्या विमानांपैकी दोन परतली नाहीत. डोरनला राजाने मानाचे पदक दिले, पण पुढच्या एप्रिलात नॉर्वेच्या मोहिमेत तोही जर्मनांच्या हाती सापडला.

त्या दिवशी जे परतले नाहीत त्यांत एक तरुण वैमानिक लाइटोलर आडनावाचा होता. 'टायटॅनिक' बोट बुडाली तेव्हा तिच्यावरचे जे अधिकारी वाचले त्यांतल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याचा हा मुलगा. बाप मध्यसमुद्रात बुडत्या बोटीतून वाचला आणि मुलगा युद्धाच्या दुसऱ्या दिवशी गेला. हा बाप पुढे १९४० च्या जूनमध्ये स्वतःची लहान नाव घेऊन डंकर्कच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथे अडकलेल्या सव्वाशेहून अधिक शिपायांना त्याने पलीकडे आणले. त्या डंकर्कच्या किनाऱ्यावर आपल्याकडचेही लोक होते, हे मला फार उशिरा कळले. १९३९ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातून खेचरांचे तांडे आणि त्यांचे हाकणारे फ्रान्सला गेले होते. इंग्रजी फौजेने मोटारी घेऊन खेचरे मोडीत काढली होती, आणि बर्फात नि चिखलात मोटारी चालेनात! ते हाकणारे बहुतेक पंजाबकडचे मुसलमान होते.

४ सप्टेंबरचा तो सोमवार श्रावणातला होता, हे मी पंचांगाचा हिशेब मांडून पाहिले. तिकडे विमाने बंदरावर पोचली तेव्हा तिथे संध्याकाळ होती, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले असतील. म्हणजे मुरुमच्या बायका महादेवाला जाऊन आल्या, उपास सोडला, भांडी घासली आणि दिवा मालवून निजल्या, आणि त्यानंतर त्यांच्या राज्याचे नाव लावलेली विमाने समुद्रावरून चालली होती. कोणाच्या स्वप्नातही ते नसेल.

आता पथकाला हे नाव कसे पडले? त्यासाठी आणखी एकवीस वर्षे मागे जावे लागते. पहिले महायुद्ध चालू होते. हैदराबादच्या निजामांनी इंग्रजांना एका अख्ख्या पथकाची विमाने भेट दिली. त्या प्रत्येक विमानावर निजामांनी भेट दिल्याचा लेख रंगविलेला असे. १९१८ च्या सप्टेंबरात ही विमाने फ्रान्समध्ये गेली आणि जर्मनीतल्या शहरांवर बॉम्ब टाकू लागली. त्यावरून ह्या पथकाचे नाव 'हैदराबाद' पडले ते कायमचे. त्याच साली निजामांना 'एक्झॉल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली. सगळ्या संस्थानिकांत ती एकट्या त्यांचीच.

१९१८ साल म्हटले की आमच्या घरात अजूनही एक गोष्ट निघते. मोठी आई त्याच्या आदल्याच वर्षी, अकरा वर्षांच्या, लग्न होऊन मुरुमला आल्या होत्या. त्या साली दख्खनेत पावसाने दगा दिला. जोंधळा पोटरीत येण्याआधीच करपला. आणि दिवाळीच्या सुमाराला मानमोडी आली. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएन्झा. लढाईच्या बोटींबरोबर ती मुंबई बंदरात उतरली आणि गावोगाव पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. आमच्या घरातून मोठ्या आईंच्या सासूबाई गेल्या, एक दीर गेला. सासूबाईंच्या पायांत चांदीचे तोडे होते, भरीव, जुन्या घडणीचे. अंत्यविधीच्या आधी ते काढून सुनेच्या हाती दिले, म्हणाले, "हे आता तुझे." अकरा-बारा वर्षांच्या पोरीच्या पायाला ते मोठे होत. ते तिने फडक्यात बांधून कणगीत ठेवले. सारा भरण्याची वेळ आली, घरात दाणा नव्हता, तेव्हा आजेसासऱ्यांनी ते फडके काढून सावकाराकडे नेले. तोडे गहाण पडले ते परत आले नाहीत.

ह्या साऱ्याचा रुपया थेट विमानात गेला असे मी म्हणत नाही. खजिन्यात पडलेल्या रुपयावर कोणाचे नाव नसते. तिथे सारा येतो, आबकारी येते, करोडगिरी येते, आणि कुठला रुपया कुठे गेला हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या मंडळात नुसता नारळ आणला तरी पावती लागते, कोषाध्यक्षबाई ऐकत नाहीत. त्या सवयीने मी पुष्कळ वेळ ह्या गोष्टीची पावती शोधत बसले. पावती नाही. आहे ते एवढेच, की एकाच साली एका राज्यात पाऊस पडला नाही, मानमोडी आली, आमचे तोडे गेले, आणि विमाने भेट दिली गेली. भेट देणाऱ्याचे नाव विमानावर होते.

दुसऱ्या युद्धातही हे चालू राहिले. ऑक्टोबर १९३९ मध्ये हैदराबादचे नाव असलेली आणखी दोन पथके उभी राहिली, एकशेबावन्नावे आणि दोनशेत्रेपन्नावे. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमाने इंग्लंडवर चालून आली तेव्हा ही दोन्ही लढली. एकशेबावन्नाव्याच्या बोधचिन्हावर निजामांच्या शिरोवेषाची आकृती आहे आणि खाली 'विश्वासू दोस्त' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. ती निजामांना इंग्रजांनी दिलेली पदवी. त्या लढाईत हिटलरला रोखले गेले नसते तर पुढे काय झाले असते, ह्याची कल्पना करवत नाही. म्हणून ह्या दानाला नुसती नावे ठेवून मोकळे होता येत नाही, हेही मला माझ्या मनाशी कबूल करावे लागले.

ज्या पोलंडसाठी हे युद्ध पुकारले गेले, त्या पोलंडचे काय झाले? पोलंडला मदत पोचली नाही. त्या दिवसांत इंग्रजी विमाने रात्री जर्मनीवर जाऊन लाखो छापील पत्रके टाकीत, जर्मनांनी सुबुद्धीने वागावे म्हणून! पश्चिमेला फ्रान्सच्या सरहद्दीवर मे १९४० पर्यंत मोठी लढाई झालीच नाही. इकडे १७ सप्टेंबर १९३९ ला रशियाची फौज पूर्वेकडून पोलंडात शिरली. १७ सप्टेंबर ही तारीख ऐकून तुमच्यापैकी पुष्कळजणींनी माना वर केल्या. होय, आपला मुक्तिदिन. आपल्याकडे तो नऊ वर्षांनी, १९४८ साली आला. एकाच तारखेला एका देशात फौज शिरली म्हणून घरे उजाड झाली, आणि दुसऱ्या मुलखात फौज आली म्हणून लोकांनी झेंडे लावले. २८ सप्टेंबरला वॉर्सा शहराने शरणागती पत्करली. महिन्याच्या आत एक देश नकाशावरून गेला.

पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे १९४० च्या ऐन हिवाळ्यात, पूर्व पोलंडातल्या कुटुंबांना रात्री दारे ठोठावून उठविले, मालगाडीच्या डब्यांत भरले आणि सैबेरियाकडे नेले. त्यानंतर एप्रिलात, पुन्हा जूनमध्ये. ह्या बायकांपैकी काहींची गाठ आपल्या महाराष्ट्राशी पडली, म्हणून मी त्यांचे सांगते आहे. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा ह्या लोकांची सुटका झाली. तिथून वाट काढीत ते इराणात आले, आणि इराणातून बोटीने हिंदुस्थानात. त्यांच्यासाठी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे मोठी छावणी बांधली होती. १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. पुरुष कोणी फौजेत, कोणी मेलेले, कोणाचा पत्ता नाही. तिथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, नाटके होत. काही कोल्हापूरच्याच मातीत राहिल्या, तिथे त्यांच्या कबरी आहेत. वॉर्सा शहरात कोल्हापूरचे नाव कोरलेले स्मारक आहे, आणि वळिवड्यालाही आठवण म्हणून फलक लावला आहे. आपल्या मंडळाची सहल दरवर्षी अंबाबाईला जाते. पुढच्या खेपेस गाडी तासभर वळिवड्याकडे वळवावी, एवढी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे. त्या नाही म्हणाल्या तर मी रिक्षाने जाईन.

आता पुन्हा मुरुमला येते, कारण तोड्यांची गोष्ट संपलेली नाही.

मोठ्या आईंना लढाई लागल्याचे कसे कळले? वर्तमानपत्र त्यांच्या हाती येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या सांगत, "बाजारात कळलं. सुईवाला म्हणला, आता जर्मनची सुई इसर, माय." ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आपण अजूनही 'जर्मन'चे पातेले म्हणतो ना? त्यांना जर्मनी म्हणजे भांडे, सुई आणि लुगड्याचा पक्का रंग एवढेच ठाऊक. कापडाला लागणारा पुष्कळसा रंग खरोखरच जर्मनीतून येत असे, तो लढाईबरोबर थांबला आणि सोलापूरच्या माळावर वाळणाऱ्या सुताचा भाव चढला. सगळ्याच जिनसांचे भाव चढले. व्यापाऱ्यांनी माल दाबून धरला. पण शेतकऱ्याला एक गोष्ट बरी झाली, भुईमुगाचा आणि कापसाचा भावही वर गेला. किती वर्षांत असा भाव कोणी पाहिला नव्हता.

आमच्या घरी त्या साली भुईमूग चांगला आला होता. मोठ्या आईंनी आपल्या यजमानांना म्हटले, बावीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली पहिलीच गोष्ट असावी, "औंदा तोडे करा." यजमान नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "करू की. जरा थांब. लढाई हाय, भाव आजून चढंल." शेंगा घरात भरून ठेवल्या. मोठी आई रोज रात्री उंदरांसाठी कोपरे तपासून मग निजत.

मग पुढचा उन्हाळा आला. १० मे १९४० ला जर्मन फौजा पश्चिमेकडे निघाल्या. हॉलंड गेले, बेल्जियम गेले, आणि १४ जूनला पॅरिस पडले. फळ्यावर ह्या तारखा मी कितीतरी वेळा लिहिल्या असतील, पण एक गोष्ट कधी सांगितली नाही, कारण मलाच ठाऊक नव्हती. हिंदुस्थानच्या भुईमुगाचा एक फार मोठा गिऱ्हाईक फ्रान्स होता. तिथल्या घाण्यांवर आपल्या शेंगांचे तेल निघे. पॅरिस पडले आणि ते गिऱ्हाईक गेले. युरोपची बाजारपेठ मिटली, भुईमुगाचे भाव कोसळले, कापसाची तीच गत. ज्या शेंगांना दिवाळीत मान होता त्या मृगाच्या तोंडावर कोणी विचारीना. आमच्या घरच्या शेंगा अखेर घरच्या तेलाला आणि दुकानदाराची उधारी फेडायला गेल्या.

मोठी आई ही गोष्ट सांगत तेव्हा हसत. "कुठं तरी कुणाचं गाव पडलं म्हणं, आन् माझं तोडं गेलं," असे म्हणत. मला वाटे, म्हातारीची काहीतरी समजूत झाली आहे. गावाचे पडणे आणि तोड्याचा काय संबंध! मी पदवीधर, इतिहासाची शिक्षिका, मी त्यांना समजावीत असे, की ते अवर्षणाचे वर्ष असेल, तुम्हांला नीट आठवत नसेल. त्या म्हणत, "आसंल बाई." त्यांचे बरोबर होते. त्या गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मला ते कळले. ते पडलेले गाव म्हणजे पॅरिस.

मागच्या बाकावरची ती मुलगी आज स्वतः दोन मुलांची आई आहे. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली होती, तेव्हा मी तिला घरी बोलावले आणि सांगितले, की अमुक वर्षी मी तुला चुकीचे उत्तर दिले होते. तिला प्रश्न आठवतही नव्हता! मग मी तिला हे सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पण बाई, मग कुठल्या घरात लिहायचं ते राहिलंच." मी म्हटले, नाव त्या घरात आहे, विमानावर रंगवलेले आहे. माणसे लिहावयाची तर मला तिसरे घर आखावे लागेल, आणि त्यात वळिवड्याच्या बायकाही येतील.

एक शेवटचे सांगावयाचे राहिले. १९१८ साली जी विमाने भेट दिली त्यांतले एक त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला जर्मनांनी पाडले. ते फारसे मोडले नव्हते म्हणून जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले. दुसऱ्या युद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा ते पूर्वेकडे, पोलंडात हलविले, आणि युद्ध संपले तरी ते पोलंडातच पडून राहिले. म्हणजे पोलंडच्या बायका कोल्हापूरला होत्या आणि हैदराबादचे विमान पोलंडात होते. १९७७ साली इंग्रजांनी पोलिश लोकांना आपले एक विमान देऊन ते बदल्यात परत घेतले. आता ते लंडनच्या वायुदलाच्या संग्रहालयात आहे. माझ्या भाच्याने त्याचे छायाचित्र मोठे करून दिले आहे. लाकूड, कापड आणि तारा, एवढेच ते विमान. ते छायाचित्र तिकडे हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवले आहे, जाताना पाहून जा. चष्मा असणाऱ्यांनी चष्मा लावा, अक्षरे बारीक आहेत.